समई, मोसंबे आणि मोबाईलवरची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला गेल्या महिन्यात सांगितले की, या खेपेस तुम्ही मुलांच्या विज्ञानावर चार शब्द बोला. मला आधी वाटले, त्या थट्टाच करीत आहेत. जिचे शिक्षण सातवीवर थांबले त्या बाईने विज्ञानावर काय बोलावे? भाजणीवर बोला म्हणाल्या असत्या तर मी कालच उठून उभी राहिले असते! पण करोनाच्या दिवसांत आमच्या चाळीच्या गॅलरीत जी शाळा भरत असे ती त्यांनी पाहिली होती. तेव्हा जे घडले तेच सांगते. चुकले तेही सांगते, कारण त्यात चुकलेले बरेच आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून माझ्या मुलाची पाचवी मोबाईलवर सुरू झाली. सकाळी नऊ वाजता टेकूला गव्हाचा डबा, त्याला टेकवलेला मोबाईल आणि समोर चिरंजीव. बाई बिचाऱ्या मनापासून शिकवीत, पण निम्मा वेळ ‘आवाज येतोय का’ आणि ‘आपापले माईक बंद करा’ यातच जाई. कोणाच्या घरचा कुकर शिट्टी देई, कोणाचे आजोबा मध्येच खाकरत. जुलैच्या २० तारखेपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागू लागले, त्याचा मात्र फार आधार झाला, कारण त्याला नेट लागत नसे.

पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’ पुस्तकात पहिलाच धडा सूर्यमालेचा, त्यामागून पृथ्वीच्या फिरण्याचा आणि मग जीवसृष्टीचा. म्हणजे आकाश, जमीन आणि जीव, सगळे आरंभीच. मी भाजी निवडता निवडता कान देऊन ऐके. एक दिवस मुलाला विचारले, “काय रे, सूर्य केवढा?” त्याने पडद्यावर बोट ठेवून सांगितले, “एवढा.” सूर्य रुपयाएवढा, पृथ्वी वाटाण्याएवढी आणि सगळे ग्रह एका ओळीत एकमेकांना खेटून बसलेले, पंगतीला बसावेत तसे. चूक त्याची नव्हती. तळहाताएवढ्या काचेत आणखी मावणार तरी काय?

मग आम्ही हिशेब मांडला. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट. माझी पोळी वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर. ती सूर्य धरली, तर पृथ्वी होते मोहरीचा दाणा! आणि ती मोहरी पोळीपासून किती लांब ठेवायची? सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. भागाकार करकरून उत्तर आले साडेएकवीस मीटर. आमच्या गॅलरीच्या या टोकाला मी पोळी धरून उभी आणि मुलगा मोहरी चिमटीत धरून पार त्या टोकाला. गुरू ग्रह सुपारीएवढा, तो ठेवायचा एकशे दहा-बारा मीटरवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात. नेपच्यून साडेसहाशे मीटरवर, बसथांब्याच्याही पलीकडे. आणि आपला चंद्र? तो खसखशीचा दाणा, मोहरीपासून तीन बोटांवर. बाहेर पडायची बंदी होती म्हणून वाण्यापर्यंत आम्ही बोटानेच गेलो. पण त्या दिवशी मुलगा रात्री जेवताना एकदम म्हणाला, “आई, म्हणजे मधे सगळे रिकामेच आहे की गं!” त्याचा घास हातातच राहिला होता. मला वाटते, धडा तेव्हा झाला.

ही गंमत पाहून शेजारची मुले येऊ लागली. तोंडाला फडके बांधून, हात-हात अंतर ठेवून पाच जण बसत. त्यांत आमच्या खालच्या बिऱ्हाडातली एक मुलगी होती, तेव्हा सातवीत. तिचे वडील रिक्षा चालवीत आणि घरातला एकुलता एक मोबाईल त्यांच्या खिशात असे. रिक्षा बंद होती तोवर ती तासाला बसू शकली, रिक्षा सुरू झाली आणि तिची शाळा बंद झाली. धंदा परत सुरू झाला याचा आनंद मानावा की काय करावे, हेच त्या घराला कळेना. ती आमच्या दाराशी उभी राहून पाचवीचाच तास ऐकत असे. तिचे सातवीचे सोडून, बरे का.

जीवसृष्टीच्या धड्याला मला काही जड गेले नाही, कारण तो धडा आपल्या स्वयंपाकघरातलाच. बाईंनी बी रुजवायला सांगितले. काचेच्या पेल्यात आतून ओला टिपकागद लावून काचेच्या नि कागदाच्या मधे वाल खोचले. दोन दिवसांनी मोड खाली आला. मग पेला आडवा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो मुळाचे टोक पुन्हा जमिनीकडे वळलेले! मुलांनी तीनदा पेला फिरवला, बिचाऱ्या वालाने तीनदा वळण घेतले, अगदी नागमोडी झाले. भिजलेला वाल सोलला की दोन दले सुटी होतात. मी इतकी वर्षे डाळ शिजवते, पण डाळ म्हणजे बीचे दल आणि ती रोपाची शिदोरी, हे मला चाळिशीत कळले. ज्वारीची डाळ का होत नाही, तेही त्यातच आले. ती एकदल.

मटकीच्या तीन वाट्या केल्या. एक ओल्या फडक्यात कपाटाच्या अंधारात, एक ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये आणि एक कोरडी. सगळ्यांचे म्हणणे, अंधारात मोड येणार नाहीत, उजेड लागतोच. आले की नाही ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण मोड आलेली मटकी आठवडाभर अंधारातच ठेवली तेव्हा ती पिवळी, लांबुडकी होऊन माना टाकू लागली. शिदोरी संपली, आणि पाने हिरवी व्हायला नि अन्न करायला उजेड हवाच. हे पडद्यावर एका मिनिटात दाखवतात. आम्हाला आठ दिवस लागले. पण वास पाहायला मिळाला, हात लावायला मिळाला आणि फ्रिजमधल्या वाटीची उसळही झाली, उशिरा का होईना.

पाटा-वरवंट्याचीही एक गोष्ट सांगते. आपला हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला. हे कळल्यापासून मुले चटणी वाटताना शेजारी येऊन बसत. मिक्सरकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नसे!

आता माझी चूक. पृथ्वीच्या फिरण्याचा धडा आला तेव्हा मी देवघरातली समई मधे ठेवून लावली, तिला सूर्य केले. एक मोसंबे घेऊन त्यात विणायची सुई आरपार घातली. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून सुई तिरपी धरली. पुण्याच्या जागी एक टाचणी टोचली. मोसंबे स्वतःभोवती फिरवले की टाचणी उजेडातून अंधारात जाते आणि पुन्हा उजेडात येते. रात्र आणि दिवस सुरेख झाले. मग मी मोसंबे समईभोवती फिरवले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितले, पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. मला शाळेत कोणी असे शिकवले होते की मीच ठरवले होते, देव जाणे. मुलांनी वहीत लिहून घेतले.

चार-पाच महिने ती चूक आमच्या गॅलरीत सुखाने नांदत होती. डिसेंबरात आपला क्रिकेटचा संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता. ॲडलेडला ३६ धावांत डाव संपला, तो सामना. घरोघर सुतक पडले होते. तेव्हा ती खालची मुलगी वर आली आणि हळूच म्हणाली, “काकू, तिकडे आत्ता उन्हाळा आहे म्हणतात. पृथ्वी जर सूर्याजवळ गेल्याने उन्हाळा होत असेल, तर सगळीकडे एकदमच व्हायला नको का?”

मी गप्प झाले. उत्तर नव्हतेच. त्या रात्री झोप लागली नाही म्हणेन तर खोटे होईल, पण दुसऱ्या दिवशी पोळ्या करपल्या हे खरे. तास संपल्यावर मुलाला बाजूला सारून मीच मोबाईलपुढे बसले आणि बाईंना विचारले. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला मोसंबे आणायला सांगितले आणि पडद्यावरूनच दाखवले. मी सुई नेहमी समईकडेच झुकवून फिरवीत होते, तिथे सगळे बिघडले होते. सुईचे टोक खोलीतल्या एकाच भिंतीकडे राहिले पाहिजे, मोसंबे कोठेही असो. तसे फिरवले की जूनमध्ये वरचा अर्धा भाग समईकडे झुकतो, डिसेंबरात खालचा. झुकलेल्या भागावर ऊन सरळ पडते आणि दिवसही मोठा, म्हणून तिथे उन्हाळा. आणि जवळ-लांबचे म्हणाल, तर पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, आपण शाली पांघरतो तेव्हा! जुलैपेक्षा तब्बल ५० लाख किलोमीटर जवळ.

त्या संध्याकाळी पाचही मुलांना बोलावून मी सांगितले, तुमच्या काकूने चुकीचे शिकवले, वह्या काढा. एकाने तर पानच फाडायला घेतले. मी म्हटले, फाडू नको, एक रेघ मार आणि खाली खरे लिही. समई मी त्या मुलीच्या हाती दिली आणि समजावणे तिला करायला लावले. तिने ते माझ्याहून चांगले केले.

पुढे दोन दिवसांत, २१ डिसेंबरला, गुरू आणि शनी आकाशात जवळजवळ चिकटलेले दिसले. आम्ही सगळी सूर्य मावळल्यावर गच्चीवर गेलो. चाळीतल्या आजींना काळजी, ही युती कोणाला बाधणार? त्याच मुलीने त्यांना सांगितले, आजी, ते दिसतात चिकटलेले, पण शनी गुरूच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. गुरू वाण्याकडे धरा आणि शनी बसथांब्याच्या वाटेवर. आजींना वाण्याचे दुकान समजले आणि त्या निश्चिंत झाल्या.

उन्हाळ्यात तिच्या आईचा बेत माझ्या कानी आला. सातवी झाली, नाहीतरी शाळा मोबाईलवरच, तेव्हा आता हिने माझ्याबरोबर चार घरची कामे धरावीत. मी खाली गेले. काय बोलायचे ते ठरवून गेले होते, ते सगळे विसरले. एवढेच म्हणाले, “वहिनी, माझीही सातवीच झाली आहे. म्हणून तर हिच्याकडून मला शिकावे लागले.” त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या असाव्यात, महिनाभर जिन्यात भेटल्या तरी नजर चुकवीत. दुसऱ्याच्या घरात आपण फार बोललो असे मलाही वाटत राहिले. पण आठवीच्या तासांना मुलगी रोज सकाळी आमच्या घरी, आमच्या जुन्या मोबाईलवर बसू लागली. त्याची काच तडकलेली होती, फळ्यावरचे अर्धे दिसत नसे. दहावी ती पास झाली. मार्क किती, ते तिने सांगू नका म्हटले आहे, म्हणून सांगत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरले तेव्हा ती धावत वर आली होती आणि म्हणाली, “काकू, तीन बोटे गेले, पण चाळीस दिवस लागले!”

वेळ झाली अशी चिटणीसबाई खूण करीत आहेत, तेव्हा एकच निरोप देते. मे महिन्याच्या १३ तारखेला आपल्या पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. आम्ही २०२१ मध्ये ओळंब्याने लाटणे सरळ उभे करून पाहिले. साडेबाराच्या सुमारास सावली लाटण्याच्या बुडाखाली गेली. या वर्षी मंडळाच्या गच्चीवर पाहू. मुलांना आणा, नातवंडांना आणा, लाटणी आपापली आणा आणि सव्वाबारालाच या, उशीर केलात तर सावली थांबणार नाही. ३० जुलैला ही संधी पुन्हा येते, पण तेव्हा ढगच असतात.