देवशब्दाचें मनन
(ज्युबिलीच्या प्रसंगीं पावस येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीचा हा मंगल दिवस परमेश्वराच्या कृपेनें आपणांस लाभला, याबद्दल प्रथम त्याचे आभार मानूं या. उत्सव म्हटला कीं चर्चला रंग लागतो, वेदी फुलांनीं सजते, घरोघर पाहुणे येतात. हें सर्व योग्यच आहे. परंतु लेवीय ग्रंथांत ज्युबिलीचा जो मूळ नियम सांगितला आहे, तो निराळा. पन्नासाव्या वर्षीं गेलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळावी आणि दास मुक्त होऊन आपल्या घरीं जावा, असा तो नियम. म्हणजे ज्युबिली हें जें आपलें होतें पण हातचें सुटलें, तें पुन्हां हातीं घेण्याचें वर्ष होय. आमच्या हातचें सुटलेलें असें एक धन म्हणजे पवित्र शास्त्राचें मनन. त्याविषयींच आज चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या बहुतेक घरांत बायबल आहे. तें स्वच्छ वस्त्रांत गुंडाळून मूर्तीशेजारीं ठेविलेलें असतें. त्याचा मान राखला जातो. पण तें उघडलें किती वेळां जातें? मान देणें निराळें आणि ओळख असणें निराळें. रविवारीं मिस्सेंत शुभवर्तमान आपण उभे राहून ऐकतों, आणि अंगण ओलांडण्यापूर्वींच तें विसरतों.

ह्यांत मोठें नुकसान आहे. आमचीं कोंकणांतील ख्रिस्ती घरें थोडीं व विखुरलेलीं. मुलगा नोकरीसाठीं मुंबईस जातो, कोणी आखातांत, कोणी बोटीवर. तेथें त्याच्याबरोबर गांवच्या चर्चची घंटा जात नाहीं, आईची जपमाळ जात नाहीं. मनांत जें वचन मुरलें असेल तेवढेंच बरोबर जातें. इकडे घरीं आंब्याचा मोहोर गळतो, कर्ज राहतें, तरण्याताठ्या माणसास मृत्यु गांठतो. अशा वेळीं केवळ संवयीवर उभी असलेली श्रद्धा पहिल्याच वाऱ्यानें कलते.

मनन म्हणजे कांहीं नवीन टूम नव्हे. संत लूक सांगतो कीं, मेंढपाळांचें बोलणें ऐकून पवित्र मरियेनें तें अंतःकरणांत जपून ठेविलें व त्यावर ती विचार करीत राहिली. पुढें बारा वर्षांचा येशू मंदिरांत सांपडला, तेव्हां त्याचें उत्तर तिला समजलें नाहीं. तरी तेंहि तिनें टाकून दिलें नाहीं. न समजलेलें वचनसुद्धां जपून ठेवावयाचें असतें, हा मनन करणाऱ्याचा पहिला धडा.

बाराव्या शतकांत कार्थुसियन पंथाचा मठाधिपति दुसरा गीगो ह्यानें ह्या साधनेस शिडीची उपमा देऊन तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सर्व श्रद्धावंतांस शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला आणि वाचनास प्रार्थनेची जोड हवी असें बजाविलें. २०१० सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं ह्या पायऱ्यांचें विवरण करून, आचरणाशिवाय ही साधना पुरी होत नाहीं असें सांगितलें.

कोणी म्हणेल, हें मठांतल्या लोकांचें काम. आम्हां संसारी माणसांस तें कसें साधावें? त्यास आमच्याच भाषेंतील उत्तर आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स हे साष्टींत धर्मशिक्षण देत असतां, नवख्रिस्ती लोकांनीं पूर्वींच्या पुराणांच्या जागीं वाचावयास पुराण मागितलें. त्यांतून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मलें व १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांत त्यांनीं जुन्या व नव्या कराराची कथा सांगितली. ओवी ही गाऊन ऐकावयाची, थोडी थोडी मनांत घोळवावयाची. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला. परंतु ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. ज्यांनीं तो हातानें उतरवून जपला, त्यांच्या हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूरास नवी आवृत्ति निघाली. लोकांनीं जें प्रेमानें वाचलें तेंच टिकलें.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक यांस आगगाडीच्या प्रवासांत एका गोऱ्या गृहस्थानें नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशीं ते आले आणि त्यांचें मन तेथेंच गुंतलें. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ते आमच्या कॅथलिक सभेचे नव्हते. परंतु त्यांस वळविलें तें एका वचनापाशीं थांबण्यानेंच.

पावसच्या लोकांस तर हें निराळें सांगावयास नको. ह्याच गांवीं १९०३ सालीं जन्मलेले व १९७४ सालीं दिवंगत झालेले स्वामी स्वरूपानंद यांनीं ज्ञानेश्वरीचा दीर्घ व्यासंग करून ती अभंगांत उतरविली. त्यांचा मार्ग निराळा, आमची श्रद्धा निराळी. परंतु एका ग्रंथापाशीं वर्षानुवर्षें बसणें म्हणजे काय, हें शेजाऱ्यापासून शिकण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. संत लूकच्या पांचव्या अध्यायांतील पेत्राची गोष्ट घ्या. रात्रभर खपून त्याच्या हातीं एकहि मासा लागला नाहीं. सकाळीं कोळी जाळीं धूत आहेत. येशू होडींत बसतो, लोकांस शिकवितो आणि नंतर पेत्रास पुन्हां खोल पाण्यांत जावयास सांगतो. एवढेंच दोनदां, सावकाश, मोठ्यानें वाचावें. हें वाचन. मग मनास विचारावें : जाळीं धुतलीं म्हणजे पेत्रानें त्या दिवसाची आशा सोडली होती ना? सुताराचें काम केलेला येशू कोळ्यास जाळें टाकावयास सांगतो, आणि तेंहि भर दिवसा! तरी पेत्रानें ऐकलें. मीं आपलें जाळें कोठें गुंडाळून ठेविलें आहे? बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशीं बोलणें बंद केलें, तेथें तर नाहीं? हें मनन. जें सांपडलें तें प्रभूस साध्या शब्दांत सांगावें, ही प्रार्थना. मग शब्द थांबवून त्याच्यासमोर उगीच बसावें, हें ध्यान. आणि सकाळीं उठून भावाच्या दारीं जावें. हें झालें नाहीं तर पहिल्या चारांचें फळ हातीं आलें नाहीं असें समजावें. ज्युबिलीची खरी परतफेड तीच.

कित्येकांस वाटतें, चार दिवस केलें, कांहीं फरक पडला नाहीं. त्यांनीं आपल्या बागेंत पाहावें. भेटकलम बांधतांना रायवळाचें रोप हापूसच्या फांदीशीं नेतात, दोहोंची साल तासतात, दोन्हीं अंगें भिडवून घट्ट बांधतात आणि दोन-तीन महिने वाट पाहतात. रोज सोडून पाहणाऱ्याचें कलम जगत नाहीं. साल तासल्याशिवायहि तें जुळत नाहीं. देवशब्दाशीं आमची भेट अशीच आहे : थोडें सोसावें, पुष्कळ थांबावें.

दोन गोष्टी मात्र टाळाव्या. शकुन पाहिल्याप्रमाणें कोठलेंहि पान उघडून त्यांत भविष्य शोधूं नये. आणि वचन शेजाऱ्यास लावूं नये, स्वतःस लावावें. जेथें अर्थ अडेल तेथें आपल्या धर्मगुरूंस विचारावें.

आमची विनंति लहान आहे. शनिवारीं रात्रीं जपमाळ झाल्यावर, दुसऱ्या दिवशींचें शुभवर्तमान घरांतील एकानें वाचावें; शक्य तर मुलांकडून वाचवावें. पाव तास पुरे. ज्या घरांत वृद्धांस अक्षर दिसत नाहीं, तेथें नातवंडांनीं त्यांस वाचून दाखवावें. दोघांसहि पुण्य लाभेल. असें वर्षभर चाललें, तर मिस्सेंत वाचलें जाणारें वचन परक्याचें वाटणार नाहीं, आणि आपला मुलगा जेथें जाईल तेथें तें त्याच्यासंगें जाईल.

शब्द जिच्या उदरीं देह झाला, ती पवित्र मरिया आमच्या घरोघर ऐकणारीं अंतःकरणें निर्माण होण्यासाठीं प्रार्थना करो. आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.