आप्पांची मोटारवही



व्याख्यानासाठी विषय विचारला गेला, तेव्हा गेली दोन वर्षे ज्या वहीने मला गुंतवून ठेवले आहे तिचेच नाव मी सांगितले. ही वही माझ्या आजोबांच्या धाकट्या बंधूंची. घरात सारे त्यांना आप्पा म्हणत. १९२६ च्या डिसेंबरात ते फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीतून मुंबईहून ग्वाल्हेरला गेले. त्या प्रवासाची ही रोजनिशी मोडीत आहे. आमच्या घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. आपल्याच मंडळाच्या एका वयोवृद्ध सभासदांनी भिंग घेऊन ती अक्षर न् अक्षर लावून दिली.

कसाऱ्याचा घाट आप्पांनी मोटार उलटी चालवून चढला, हे वाचून घरची मुले हसली. परंतु त्यात विनोद नाही. त्या मोटारीत पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल पंपावाचून, केवळ उताराने एंजिनाकडे वाहत येई. टाकी अर्धीमुर्धी असताना चढ लागला की एंजिन टाकीहून उंच होई आणि मोटार जागीच गप्प बसे. तोंड फिरवून मागे मागे चढणे, हाच उपाय.

पुढे नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर असा आग्रा रोड. होळकरांची हद्द संपते तोच देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची, मग शिंद्यांची. ज्या रस्त्याने मराठी फौजा उत्तरेस गेल्या, त्याच रस्त्यावर आप्पा पेट्रोलच्या डब्यांचा हिशेब आण्यापैपर्यंत लिहीत होते. मला हा हिशेब फार आवडतो. रस्त्याविषयी त्यांनी जे अपशब्द लिहिले आहेत, ते या व्यासपीठावरून वाचता येणार नाहीत. पुढच्याच वर्षी, १९२७ साली, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभा राहिला. ही समिती का हवी होती, ते आप्पांच्या वहीत पानोपानी दिसते.

आता वादाच्या पानाकडे वळतो. सेंधव्याच्या अलीकडे एका गावी रेडिएटरसाठी पाणी हवे होते. विहिरीचे पाणी मोटारीला मिळाले. बरोबरचा क्लीनर मात्र अस्पृश्य मानलेल्या जातीचा. त्याला दूर उभे केले गेले. त्याला संध्याकाळपर्यंत पाणी मिळाले नाही. आपण काहीच बोललो नाही, असे आप्पांनी लिहिले आहे आणि पुढची अर्धी ओळ खोडली आहे. वहीत टायरचा आकार आहे, केळ्यांचा भाव आहे. त्या मुलाचे नाव कोठेही नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये झाला.

माझ्या एका वडीलधाऱ्या आत्याबाईंचे म्हणणे असे की, हे पान गाळून वही छापावी; गेलेल्या माणसाला आता उत्तर देता येत नाही. त्यांचे आप्पांवरील प्रेम मी जाणतो. तरी मला गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची आठवण होते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची ती हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला लाभली. परंतु त्यांनी मजकुरात फेरफार केले होते. सुदैवाने मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ स्वरूपातील आवृत्ती काढली. भटजींचा खरा आवाज वाचकांच्या कानी पडायला सुमारे साठ वर्षे जावी लागली. आमच्या वहीची तर ही एकच प्रत आहे.

म्हणून वही जशीच्या तशी छापावयाची, खोडलेली अर्धी ओळही खोडलेलीच दाखवायची, असे मी ठरविले आहे. आत्याबाईंनी आपले मत दोन पानांत लिहून द्यावे, तेही मी पुस्तकात घेईन, असे त्यांना कळविले आहे. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

शिवपुरीपुढची चार पाने ओलीने पुसट झाली असून ती अजून लागलेली नाहीत. श्रोत्यांपैकी कोणास मोडी येत असेल, तर त्यांनी कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. वही मी बरोबर आणली आहे.