टँकरवर जावे की ट्रकवर राहावे?

(कुर्ला येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आपल्या कुर्ल्याला गाड्यांचा शेजार जुना आहे. प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना इथलाच. पद्मिनी मोटार इथे तयार होत असे. तेव्हा ड्रायव्हरच्या नोकरीविषयी बोलायला ही जागा योग्यच आहे.

एका ड्रायव्हर भाऊंनी मला प्रश्न विचारला. ते एका कारखान्याच्या ट्रकवर कायम आहेत. पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. फंड कापला जातो. आता एक ठेकेदार त्यांना म्हणतो, "माहुलला पेट्रोलचा टँकर भरायचा. पगार जास्त देतो. ये." भाऊ मला म्हणाले, "मास्तर, लायसन अवजड गाडीचं आहे. टँकर म्हणजे ट्रकच की! जाऊ का?"

टँकर म्हणजे ट्रक नव्हे. आधी हे समजून घेऊ या.

पोती दोरखंडाने आवळली की जागची हलत नाहीत. पातळ माल आवळता येत नाही. अर्धी घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा. आतलं पाणी डुचमळतं आणि तिला मान सावरावी लागते. टँकरचे तसेच आहे. ब्रेक मारला की माल पुढे धावतो. वळणावर तो बाहेरच्या अंगाला जातो आणि गाडीला ओढतो. म्हणून टाकीच्या आत पत्र्याचे आडोसे घालतात. तरीही वेग वळणाच्या आधीच कमी करावा लागतो. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवून उपयोग नाही.

शिवाय पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. तिला एक ठिणगी पुरते.

13 जून 2023 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, लोणावळ्याजवळ कुणे पुलावर एक टँकर उलटला आणि पेटला. चार माणसे गेली. पेटता माल पुलाखालच्या रस्त्यावरही पडला. खालून जाणाऱ्यांचा यात काय संबंध होता? पण मरण त्यांच्यापर्यंत पोचले.

आणि आपल्या कुर्ल्यातली ती रात्र कोण विसरेल! 9 डिसेंबर 2024. बेस्टची विजेवर चालणारी बस बर्वे मार्गावर माणसांत आणि गाड्यांत घुसली. अनेकांचे प्राण गेले, कितीतरी जखमी झाले. दोष कोणाचा, हे सांगणे न्यायालयाचे काम. पण ड्रायव्हरला या नव्या जातीच्या गाडीचे शिक्षण पुरेसे मिळाले होते काय, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. हाच प्रश्न भाऊंनी स्वतःला आधी विचारावा. लायसन खिशात असते. हातापायांची सवय वेगळी शिकावी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. ट्रक चालवायला आठवी पास असण्याची अट होती. ती सरकारने 2019 साली काढली. पण पेट्रोल, गॅस, आम्ल असा धोक्याचा माल वाहणाऱ्याला लिहिता-वाचता आलेच पाहिजे. आपली एक भाषा आणि तिच्या जोडीला इंग्रजी! शिवाय तीन दिवसांचा खास वर्ग करायचा, त्याचा दाखला घ्यायचा आणि लायसनवर तशी नोंद करून घ्यायची.

हा नियम जाच वाटतो, पण तो बरोबर आहे असे माझे मत आहे. टँकरवर एक पाटी असते. तिच्यावर मालाचा नंबर असतो. 1203 म्हणजे पेट्रोल. 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. गाडी उलटली तर आगीचा बंब येतो आणि ती पाटी वाचून काम सुरू करतो. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक कार्डही ठेवायचे असते. माल सांडला तर काय करायचे, ते त्यावर लिहिलेले असते. ज्याला ते वाचता येत नाही, त्याच्याजवळ ते असून नसून सारखेच.

तेव्हा ठेकेदार जर म्हणाला, "दाखल्याचं नंतर बघू, उद्यापासून गाडी घे," तर त्याला रामराम करावा. पगार कितीही सांगू दे.

आणि पगार तरी कागदावर बघावा. त्यात भत्ता किती, मूळ पगार किती? खेप नसेल त्या दिवशी काय मिळणार? फंड कापणार का? विमा कोण काढणार? तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते.

भाऊंच्या नोकरीला साडेचार वर्षे झाली आहेत. कायम कामगाराची पाच वर्षे सलग भरली, की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. आज राजीनामा दिला तर हातात येऊ घातलेली रक्कम जाईल. सहा महिने थांबावे. तेवढ्या वेळात इंग्रजी अक्षरे घटवावीत, तीन दिवसांचा वर्ग करावा. जाणत्या ड्रायव्हरशेजारी बसून दोन-चार खेपा बघायला मिळतात का, तेही विचारावे. घरी बायकोशीही बोलावे. रात्री-अपरात्रीच्या खेपांचा भार तिच्यावरही पडणार आहे.

मग जायचे ठरलेच, तर फंडाचा जुना नंबर लिहून घ्यावा आणि नव्या ठिकाणी तोच द्यावा. दुसरा नंबर काढू देऊ नये. जुनी रक्कम त्याच नंबरावर पुढे नेता येते.