गाडीची कल्हई



पाऊस ओसरलाय, कापूस फुटायला लागलाय आणि दसरा तोंडावर आलाय. दसऱ्याला अवजारांबरोबर गाडीचीही पूजा होते. आता आपल्या जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाची पापड-मसाल्याचा माल नेणारी छोटी टेम्पो, कुणाची जुनी विकत घेतलेली कार. पूजेच्या आधी गाडी चकचकीत करायची म्हणून कुणीतरी पॉलिशची बाटली आणतं आणि घासायला बसतं. म्हणून आज त्याबद्दलच बोलू. घरच्या घरी, पहिल्यांदाच गाडीला पॉलिश करायचं असेल तर काय करायचं, आणि हात कुठे थांबवायचा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते, ते तुम्हाला माहीत आहे. कथलाचा अगदी पातळ थर. वाळूने किंवा राखेने जोर लावून घासलं की पातेलं स्वच्छ दिसतं, पण कल्हई झिजते. गाडीचंही तसंच आहे. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो. गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याची, आणि उन्हापासून रंगाला वाचवतो तोही तोच. तो किती जाड असतो? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एका मिलिमीटरचे १००० भाग केले तर त्यातले ४०-५० भाग. आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ.

आता पॉलिश काय करतं ते बघा. शेतात एक खड्डा आहे. तो बुजवायचा नाही, पण जमीन सपाट दिसली पाहिजे. मग काय कराल? आजूबाजूची माती खरवडून सगळं शेत खड्ड्याच्या पातळीला आणाल. पॉलिश हेच करतं. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या भोवतीचा थर खाली येतो. म्हणजे प्रत्येक वेळी थोडी कल्हई जातेच. पातेल्याला कल्हईवाला पुन्हा कल्हई करून देतो. गाडीला तसं करायचं तर तो भाग अख्खा रंगवावा लागतो, आणि त्याचा खर्च गटाच्या खात्यातून जातो.

म्हणून सगळ्यांत आधी बघायचं, की पॉलिशची गरज आहे का. सकाळच्या उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, नाहीतर संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या तर त्या पॉलिशने फिक्या होतील. मग एखाद्या ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, तो घासून जाणार नाही. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरायच्या आत तिथे प्रायमर आणि रंगाचा हात लावून घ्या. आणि टपावर, बॉनेटवर पांढरट पोपडे सुटले असतील, तर तिथला वरचा थर उन्हाने मेलेला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जुन्या गाड्यांचं टप आधी जातं ते त्यामुळेच. त्याला पॉलिश लावू नका. ते काम पेंटरचं.

हे जाळं येतं कुठून? बहुतेक वेळा आपल्याच हातून. धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली, की फडक्याखाली मातीचे कण फिरतात. रस्त्यावर एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणाऱ्याकडे दिली, तरी तेच. दसऱ्याला बॉनेटवर तेल-कुंकवाने स्वस्तिक काढतो, दोन दिवसांनी वाळलेलं कुंकू खसाखसा घासतो, तरी तेच. म्हणून गाडी नीट धुणं हे निम्म्याहून अधिक काम आहे.

धुताना दोन बादल्या घ्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. आधी नुसतं पाणी सोडून माती वाहून जाऊ द्या. मग वरून खाली या. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत बुडवा. चाकांचं फडकं वेगळं. कपड्यांची पावडर वापरू नका. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावू नका, एक खडा पुरेसा आहे. मायक्रोफायबरची मऊ फडकी घ्या. जुनी सुती साडी वापरायची तर जरीचे काठ काढून टाका.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. गाडी उन्हात वाळली की त्याचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून सावलीत धुवायचं आणि लगेच फडक्याने टिपून घ्यायचं. ठिपके राहिलेच तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून हलकेच पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. रावेर-यावलकडच्या बहिणींनो, केळीचा चीक लुगड्यावर पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गाडीवर पडला तर वाळायच्या आत धुऊन टाका. पक्ष्यांची विष्ठाही तशीच, ती रंग खाते.

आता पॉलिश. सकाळी लवकर, सावलीत बसा. पत्र्याला तळहाताची उलटी बाजू लावून बघा, तो गार हवा. वारं सुटलेलं असेल त्या दिवशी हे काम नको. काळ्या रबराच्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कागदी टेप लावा, नाहीतर त्यात पॉलिश जाऊन पांढरं होतं आणि निघत नाही.

दुकानात तीन वस्तू मिळतात आणि त्यांचा घोटाळा होतो. रबिंग कंपाउंड खरबरीत असतं, ते सगळ्यांत जास्त थर काढतं. पॉलिश बारीक असतं, कमी काढतं. मेण, म्हणजे वॅक्स, काही काढत नाही, वरून पातळ संरक्षण देतं. चांगलं मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून येतं. पहिल्यांदा करताय तर बारीक पॉलिश घ्या. कंपाउंड दुकानातच राहू द्या.

गाडीच्या कोपऱ्यातला वीतभर चौकोन निवडा. फोमच्या गादीवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब घ्या. मध्यम जोराने आधी उभे, मग आडवे हात फिरवा. दोन-तीन मिनिटांनी पुसा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. जाळं फिकं झालं असेल तर बाकीची गाडी याच पद्धतीने, वीत-वीत करत पुरी करा. हाताने केलेल्या पॉलिशने सगळ्या रेघा जाणार नाहीत, थोड्या राहू द्या. कडा आणि उठावाच्या रेघा टाळा, कारण तिथे थर सगळ्यांत पातळ असतो.

घासताना फडक्याला गाडीचा रंग लागला तर घाबरू नका, पण थांबा. काही गाड्यांना, विशेषतः जुन्या आणि मालवाहू गाड्यांना, पारदर्शक थर नसतोच. तिथे रंग निघणारच. अशा गाडीला अगदी हलका हात पुरे. पण एरवी रंग न लागणारी गाडी एकाच जागी रंग सोडायला लागली, तर तिथली कल्हई गेली असं समजा आणि ती जागा सोडा. पांढऱ्या गाडीला काळं फडकं वापरा म्हणजे कळेल.

शेवटी मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि वाळलं की पुसा. पाणी शिंपडलं की थेंब गोळा होऊन घरंगळतात. ते पसरायला लागले की पुन्हा मेण लावा. पॉलिश मात्र पुन्हा लगेच नको.

आणखी दोन-तीन गोष्टी. वेल्डिंगच्या दुकानातलं ग्राइंडर गाडीला लावू देऊ नका. ते मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतं, क्षणात थर जाळतं. टूथपेस्ट, राख यांनी घासू नका. रॉकेल-डिझेलने पुसलं की गाडी चकाकते खरी, पण त्या तेलकटपणावर धूळ आणखी बसते.

जुनी गाडी विकत घेणार असाल, तर हेच ज्ञान उलटं कामाला येतं. फार चकाकणाऱ्या गाडीच्या कडा बघा. कडेला राखाडी प्रायमर डोकावत असेल, तर ती विकण्यासाठी कंपाउंडने घासलेली आहे. भाव करताना ते बोलून दाखवा.

गटाच्या गाडीला अनेक हात लागतात. आज एकीने घासली, चार महिन्यांनी दुसरीने, दिवाळीला ड्रायव्हरने, आणि कुणी किती काढलं ते कुणालाच ठाऊक नसतं. बँकेच्या हप्त्याची नोंद आपण ठेवतो तशी हीही ठेवा. गटाच्या वहीत एक पान गाडीचं करा. धुतली कधी, पॉलिश कधी, मेण कधी, कोणत्या जागेला हात लावायचा नाही. येत्या बैठकीला गाडी दारात आणा, सगळ्याजणी मिळून उजेडात बघा आणि त्या पानावर पहिली ओळ लिहा.

दसऱ्याच्या शुभेच्छा. राम राम.