जर्नलचा खर्च कोण भरतं?

  फायनल इयरला किंवा पीएचडीला असाल तर असा मेसेज तुम्हाला आलाच असेल: इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर छापा, दोन दिवसांत, फी अगदी कमी. हा धंदा चालतो कसा, ते आज बघू.

ओपन ॲक्सेस म्हणजे वाचणाऱ्याला फुकट. पण सर्व्हर, संपादन, तज्ज्ञांकडून तपासणी, याला खर्च येतोच. तो लेखकाने भरायचा, आणि तोही पेपर स्वीकारल्यावर, असं ठरलं की प्रत्येक नकार म्हणजे तोटा. कोड रिव्ह्यू करणाऱ्याला प्रत्येक मर्जमागे पैसे दिले, तर तो कशाला काही रिजेक्ट करेल?

2018 मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीची तपासणी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, कुठेच इंडेक्स न झालेल्या जर्नल्सपैकी 88 टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात, असं त्यात निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नल्स यादीतून काढली. म्हणजे सरकारी शिक्का होता, तरी आतला माल खराब.

मग लेखकाचा खिसा न कापता चांगलं जर्नल निघू शकतं का? आपल्या मुंबईतच निघालंय. परळच्या केईएम आणि जीएस मेडिकलच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' 1955 पासून चालू आहे. घाटकोपरच्या मेडनोने ते ऑनलाइन फुकट ठेवलं. लेखकांकडून फी घेतली नाही, खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून काढला. फुकट वाचायला मिळाल्यावर वर्गणी बुडेल ही भीती खोटी ठरली. पुढे 2011 मध्ये मेडनो परदेशी वॉल्टर्स क्लुवरने विकत घेतली, ती गोष्ट वेगळी.

आता यूजीसीची नंतरची केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली. जर्नल पारखायचं काम कॉलेजवर आणि आपल्यावर आलंय. त्यामुळे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी करा. जर्नल डीओएजे या मोफत सूचीत आहे का बघा. संपादक मंडळातल्या एखाद्याला मेल करून विचारा, तुम्ही खरंच इथे आहात का? आणि त्यातले दोन जुने पेपर नीट वाचा.

कारण त्या पेपरवर नाव तुमचं छापलं जाणार आहे, आणि ते नंतर पुसता येत नाही. पीएचडी करणाऱ्या मित्राला हा भाग नक्की पाठवा.