अभ्यासाचा बेत मुलांनी आखावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचे कोणी विद्वान पाहुणे बोलवावेत असा आपला प्रघात आहे. यंदा मात्र मंडळातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. विषयही तुम्हीच दिलात : मुलांचा अभ्यास आणि हातातला मोबाईल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे शास्त्रीय विवेचन माझ्याकडून होणार नाही. पण घरात मुले आहेत, फोन आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये दिवसभर उभी असलेली मीही आहे. त्या नात्याने, जे वाचले, विचारून घेतले आणि पाहिले, ते तुमच्यापुढे मांडते.

आपल्याकडे या बाबतीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, फोन म्हणजे घरात शिरलेली अवदसा. दुसरा म्हणतो, फोन घेऊन दिला की मूल हुशार झालेच. मला वाटते, दोन्ही पक्ष फोनकडेच पाहतात, मुलाकडे कोणी पाहत नाही. पातेले पितळेचे की स्टीलचे यावर वाद घालायचा आणि आत काय शिजते आहे ते मात्र पाहायचे नाही, त्यातला हा प्रकार. खरा प्रश्न असा आहे : त्या फोनवर मूल जे करते आहे, ते करायचे कोणी ठरवले? मुलाने, की फोनमधून एकामागून एक चित्रे पुढे सरकवणाऱ्या कोणा परक्याने?

अभ्यास काय करायचा, कसा करायचा, यात मुलाचाही हात असावा, हा विचार काही आजचा नाही. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मुलाने ती हाताळावीत, मांडावीत, मोडावीत आणि त्यातून शिकावे. तेव्हा हाताशी शिंपला होता, आज फोन आहे. साधन मुलासाठी आहे, मूल साधनासाठी नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे दोन्ही सारखेच.

आता संगणकाकडे येऊ. अमेरिकेत सिमोर पॅपर्ट नावाचे एक गणिती होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1967 साली मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा तयार केली. सिंथिया सॉलोमन ही बाई त्या कामात बरोबरीने होती. या भाषेत पडद्यावर एक कासव असते. मुलाने हुकूम द्यायचा आणि कासवाने चालायचे. कासव चालले की मागे रेघ उमटते. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता.

भगिनींनो, हे ऐकून मला आपली रांगोळीच आठवली. कासवाकडून चौकोन काढून घ्यायचा तर सांगायचे : शंभर पावले पुढे जा, काटकोनात उजवीकडे वळ. असे चार वेळा. चौकोन पुरा होतो. मग मूल म्हणते, आता त्रिकोण काढू. तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे त्याने पुस्तकात पाठ केलेले असते. म्हणून ते कासवाला साठ अंशांत वळायला सांगते, आणि तीनदा वळले तरी त्रिकोण काही मिटत नाही! तसेच चालू ठेवले तर सहा बाजूंची आकृती होते. मूल चक्रावते. मग स्वतःच उठून जमिनीवर चालून पाहते आणि त्याच्या ध्यानात येते, की वळायचे ते बाहेरच्या कोनाने, म्हणजे एकशे वीस अंशांनी. हे उत्तर त्याला मास्तरांनी दिले असते तर परीक्षेनंतर विसरले असते. पायाने शोधलेले सहसा विसरत नाही. याच वाटेने पुढे 2007 साली स्क्रॅच नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात मुले रंगीत ठोकळे एकाखाली एक जुळवून स्वतःच्या गोष्टी आणि खेळ तयार करतात, आणि तो फुकट मिळतो.

मग मुलांच्या हाती यंत्र दिले की आपले काम संपले का? याचे उत्तर आपल्याच देशातल्या एका प्रयोगातून मिळते. सुगत मित्र या गृहस्थांनी 1999 साली दिल्लीच्या काळकाजी भागात, आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. तिथली मुले आली, त्यांनी हात लावला, एकमेकांना दाखवले आणि कोणी न शिकवता ती तो चालवू लागली. या प्रयोगाचे जगभर नाव झाले. पण त्याच्यावर टीकाही झाली. ज्या ठिकाणी आसपासच्या मोठ्या माणसांनी लक्ष घातले नाही, तिथे असे संगणक नादुरुस्त होऊन पडले. दांडगी मुले पुढे आणि मुली मागे, असेही चित्र अभ्यासकांना दिसले. दांडग्या मुलांचा हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नवा आहे?

याच मित्रांचा दुसरा एक प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्याचा वृत्तांत 2010 साली प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडे कालिकुप्पम नावाचे गाव आहे. तिथली मुले तमिळ बोलणारी. त्यांच्यापुढे संगणकावर जीवशास्त्राचा अवघड विषय, तोही इंग्रजीत, ठेवला. शिकवायला कोणी नाही. काही आठवड्यांनी परीक्षा घेतली तेव्हा मुलांना शेकड्याला सुमारे तीस गुण मिळाले. हेसुद्धा थोडे नव्हे. त्यानंतर मुलांच्या ओळखीच्या एका तरुणीला त्यांच्यामागे उभे राहायला सांगितले. तिला त्या विषयातले काहीही येत नव्हते. तिने फक्त आजीसारखे कौतुक करायचे : अरे वा, हे कसे रे केलेस? पुढे काय आहे? मला नीट समजावून सांग पाहू. एवढ्याने गुण तीसचे पन्नासच्या घरात गेले.

बायांनो, जरा विचार करा. ज्या बाईला विषय येत नव्हता, तिच्या पाठीशी उभे राहण्याने एवढा फरक पडला. आणि आपण काय म्हणतो? 'आम्हाला काय कळतंय त्या मोबाईलमधलं? त्याचे वडील बघतील.' न कळणे हा आपला दोष समजून आपण बाजूला होतो. खरे तर ज्याला कळत नाही तोच खरा प्रश्न विचारू शकतो, आणि समजावून सांगता सांगता मुलाचे ज्ञान पक्के होते.

आमच्या वाड्यातलेच एक उदाहरण सांगते. आठवीतल्या एका मुलीला बाईंनी सुट्टीत सांगितले, की विषय तूच निवड, माहिती कशी गोळा करायची तेही तूच ठरव. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या निवडल्या. वहीत चार सदरे आखली : माहेर, भाऊ, पाऊस, पंढरी. फोनवर आवाज घ्यायचा, असा बेत. पहिल्या दिवशी आजी खुर्चीवर बसली आणि तिला दोन ओव्यांपलीकडे काही आठवेना. नात हिरमुसली. मग तिचे तिनेच ताडले, की आजीची आठवण डोक्यात नसून हातात आहे. अडगळीतले जाते बाहेर काढले, पसाभर ज्वारी घेतली, आणि खुंटा फिरू लागताच आजीच्या ओव्या थांबेनात. दुसऱ्या आठवड्यात मुलीने चार सदरे खोडून सात केली, कारण आजीची निम्मी गाणी सासरच्या दुःखाची निघाली. न कळलेल्या शब्दांची यादी केली आणि एकेकाचा अर्थ आजीला विचारला. आता सांगा, इथे शिकवले कोणी? बेत मुलीचा, विद्या आजीची आणि फोन निव्वळ आठवण ठेवणारा. हे काम क्षुल्लक समजू नका. हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव हिंडून बायांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्या आता इंटरनेटवर कोणालाही वाचता-ऐकता येतात.

आता थोडे कडू बोलते. 2020 साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. ज्या घरी एकच फोन होता तिथे तो कोणाच्या वाट्याला आला? अनेक घरांत आधी मुलाच्या. मुलीला सांगितले, तू कामे आटप, मग बघ. मग उरायचा तो संपत आलेला चार्ज आणि संपलेला वर्ग. मुलांनी अभ्यासाचा बेत आखावा असे म्हणताना त्या 'मुलां'त मुली आहेत की नाहीत, हे आपल्या ओट्यापाशी ठरते. सरकार ते ठरवायला येत नाही.

दुसरी काळजी नवी आहे. 2022च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि तेव्हापासून प्रश्न टाकला की यंत्र निबंध लिहून देते. उत्तर इतके गुळगुळीत असते, की चुकीचे असले तरी खरे वाटते. यावर माझ्या मते बंदीचा उपाय चालायचा नाही. मुलाला म्हणावे, फोन पालथा ठेव आणि आता तुझ्या शब्दांत मला सांग. आणि हे खरे कशावरून? दुसरीकडे कुठे पाहिलेस? जे मूल स्वतःचा प्रश्न घेऊन यंत्राकडे जाते, ते उत्तराची पारख करते. जे दुसऱ्याचा प्रश्न घेऊन जाते, ते नुसते उतरवून घेते.

आणि मर्यादाही हवीच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. मुलांनी वाचावे, माणसांनी एकमेकांशी बोलावे. मला त्यातले विशेष असे वाटते, की नियम एकट्या मुलांना नव्हता, साऱ्या गावाला होता. आपण मालिका पाहत बसायचे आणि मुलाला म्हणायचे फोन ठेव, हे मूल ऐकत नाही, आणि त्याने का ऐकावे?

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, घरात फोनच्या वेळेचा कागद लावावा, त्यावर मुलाची आणि मुलीची वेळ सारखी असावी आणि तो कागद मुलांनीच लिहावा. दुसरी, दर शनिवारी दुपारी आपल्या या दिवाणखान्यात मुलांनी स्वतःचा एकेक प्रश्न घेऊन यावे. नळाला पाणी कमी का येते, लोणच्याला बुरशी का धरते, काहीही चालेल. शोध त्यांनी घ्यायचा, आपण ऐकायचे आणि विचारायचे. तिसरी, मुलांना शिकवता येईल असे ज्या ज्या भगिनीला काही येते, भरतकाम, ओव्या, झाडपाला, हिशोब, तिने ते मुलांना फोनवर टिपून घेऊ द्यावे. लाजू नये.

मुलाच्या हाती फोन देणे सोपे, त्याच्या हातून काढून घेणेही सोपे. त्याच्या शेजारी बसून 'मला सांग पाहू' म्हणणे, हे तेवढे आपल्याकडे आले आहे, आणि त्याला सातवीची इयत्ताही जास्तच होते.