गाय गाभडली तर



सहा-सात महिन्यांची गाभण गाय एके दिवशी अचानक गाभडते. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, दुसऱ्या जनावराने ढुशी मारली. मार लागून गाय गाभडते, हे खरे. पण पाचव्या महिन्यानंतर एकीमागून एक गाय गाभडू लागली, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. ब्रुसेला जंतूंमुळे हा रोग होतो.

पडलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांत हे जंतू असंख्य असतात. ही घाण उकिरड्यावर टाकली, कुत्र्यांनी ओढून नेली, की रोग शेजारच्या गोठ्यात गेलाच म्हणा! म्हणून तिला उघडा हात लावू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गाय वेगळी बांधा, डॉक्टरांकडून तिचे रक्त तपासून घ्या. निकाल कळेपर्यंत तिला भरवू नका, बाजारातही नेऊ नका.

हा रोग माणसालाही जडतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात. दूध उकळूनच प्यावे.

औषधाने जनावराचा हा रोग मुळापासून जाईल, असा भरवसा नाही. म्हणून कालवड ४ ते ८ महिन्यांची असतानाच लस टोचून घ्यावी. ती एकदाच द्यायची असते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लशीचा समावेश आहे.

गुरुजींना एक विनंती. गाय भरवल्याची आणि कालवड जन्मल्याची तारीख घरच्या वहीत लिहायला मुलांना शिकवा. तारीख ठाऊक असली, म्हणजे लशीची वेळ चुकत नाही.